मेलेल्याची जागा

गुरुजी, एक फासा पडलाय आणि तो किती पडला हे फक्त मला माहीत आहे. रविवारपासून जीव थाऱ्यावर नाही. बँकेत काउंटरवर बसून एकाच माणसाकडे दोनदा टोकन मागितलं. घरी बायको विचारते लक्ष कुठंय, आणि मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेतो. पन्नाशीला आलेला माणूस खेळातल्या एका बाईच्या जिवाची काळजी करत बसलाय, हे सांगायचं तरी कोणाला? तुम्ही समजून घेतलं असतं. हे खूळ तुम्हीच तर लावलंत.

वसमतला एका मित्राच्या कापडदुकानाच्या माडीवर आम्ही पाचजण रविवारी दुपारी जमतो. खेळ इंग्रजी पुस्तकातून आलेला आहे, पण तुम्ही पाहिला असता तर म्हणाला असता, हा तर आपला शनिवारचा डाव. प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं. बाकीचं सगळं जग, म्हणजे पाऊस, चोर, किल्ल्याचे दरवाजे, एकाने चालवायचं. ते मी चालवतो. पुस्तकातले निम्मे नियम मी पहिल्याच वर्षी गुंडाळून ठेवले आणि त्यांच्या जागी तुमचे घातले. जिवावरचा फासा मास्तरने, म्हणजे डाव चालवणाऱ्याने, आडोशामागे टाकायचा आणि कोणाला दाखवायचा नाही. डावात जो मरेल त्याने पुढे मास्तरशेजारी बसायचं. मित्र सुरुवातीला कुरकुरला, पुस्तकात असं कुठंय म्हणाला. मी म्हणालो, माझ्या माडीवर असंच चालतं. माडी त्याची होती, तरी त्याने ते चालवून घेतलं.

आमच्यात सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आहेत. त्यांनी घेतलेली हेर गेली तीन वर्षं आमच्या खेळात आहे, चलाख, जिभेला धार असलेली बाई. ड्यूटीवरून थेट येतात, बूट काढून मांडी घालतात आणि पाच मिनिटांत त्या सिस्टर राहत नाहीत. रविवारी हेर किल्ल्याच्या तटावर चढत होती आणि दोर तुटला. वीस बाजूंचा फासा. बाराच्या वर पडला तर वाचली. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे तो टाकला आणि पडला सतरा. वाचली की! मी तोंड उघडलं आणि म्हणालो, बाकीचं पुढच्या रविवारी. आडोसा मिटला, फासा खिशात घातला. मित्राला वाटलं मी मजा वाढवतोय.

मजा कसली. जूनमध्ये माझी दुसऱ्या जिल्ह्यात बदली आहे आणि माझ्यामागे खेळ चालवील असं सिस्टरशिवाय तिथे कोणी नाही. पण हेर जिवंत असेपर्यंत त्या तिला सोडणार नाहीत. ती मेली तर त्या माझ्याशेजारी येऊन बसतील, जग कसं चालवतात ते बघतील, आणि जूनपर्यंत तयार होतील. एक शब्द बोलायचा आहे फक्त. गेली, म्हणायचं.

आणि इथेच मला तुम्ही आठवता, आणि चीड येते तुमची. शनिवारी शाळा सुटली की शिरड शहापूरच्या शाळेच्या ओसरीवर तुमचा डाव. तुमच्या पणजोबांचा लमाणी तांडा मिठाच्या गोण्या घेऊन निघालेला, आम्ही पोरं त्यातली माणसं, आणि मी तांड्याचा नायक. मी सगळ्यांवर डाफरतोय, कोणाला बोलू देत नाही. तुम्ही म्हणता, "पूर्णेला पानी आलंय. बैल उतरून न्हाई राहिले. काय करता?" मी म्हणतो, घाला पाण्यात. तुम्ही फाशांऐवजी फोडलेले चिंचोके जमिनीवर टाकता, वरून टोपीने झाकता, टोपीची कड उचलून एकटेच बघता. "गेलास," म्हणता. मी रडकुंडीला आलो. दाखवा म्हणालो. तेवढ्या एका वेळी तुमचा आवाज चढला. "मास्तरला दाखवा म्हनायचं न्हाई. मेलास ना? मंग हिकडं येऊन बस." बसलो. थोड्या वेळाने तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "आता नदी तू."

त्या जागेवरून मला पहिल्यांदा बाकीच्या पोरांचे चेहरे दिसले. तुम्ही निवडणुकीच्या कामाला गेलात तेव्हा डाव मी चालवला, तो अजून चालवतोय. म्हणून विचारतो. खरंच मेलो होतो का मी? की तुम्हाला शेजारी कोणीतरी हवं होतं? मी बारावीला असताना तुम्ही वारलात, आणि तोवर विचारायची हिंमत झाली नव्हती.

वरचं सगळं शुक्रवारचं आहे. आज सोमवार.

काल मी आडोसा लावलाच नाही. फासा सतरावर ठेवून सगळ्यांसमोर मांडला आणि बदलीचं, मनात काय आलं होतं त्याचं, सगळं सांगून टाकलं. मित्र म्हणाला, हे तर बराबर नाही. सिस्टर म्हणाल्या, "तोंडानं विचारायचं व्हतं की. त्यासाठी माझी बाई मारता काहून?"

मी विचारलं. चालवाल का, म्हणालो.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात दिवसभर दुसऱ्याच्या जिवाचं मीच बघून राहिले. हितं मला फक्त माझा जीव वाचवायचाय. चला, दोर तुटला तर तुटला, मी दगडाला धरून वर चढून राहिले."

आणि खेळ सुरू झाला. जूनचं तसंच राहिलं.

हे लिहायला घेतलं तेव्हा तुमच्या वस्तीवर, तांड्यावर जाऊन तुमच्या मुलाला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आता नाही दाखवणार. तो म्हणेल, मग त्या नाही म्हणाल्यावर तुम्हाला वाईट वाटलं असेल. मला वाईट वाटलं नाही, गुरुजी. मी आडोसा परत उभा केला, त्याच्यामागे नीट सरकून बसलो, जूनपर्यंत तरी ती जागा माझीच होती, आणि मला फार बरं वाटलं.