कोटाच्या आतला सदरा

फिलाडेल्फिया, डिसेंबर १७७४

प्रिय इझबेलताई,

तुझा ह्यू प्रांताच्या सभेत निवडून आला! दुकान बरं चाललंय, माझी काळजी करू नकोस. आईचा खोकला कसा आहे? भावजी अजून मागावर बसून स्तोत्रं म्हणतात का?

परवा सभेत ठराव आला. राजा जाचक कायदे मागे घेत नाही तोवर इंग्लंड-आयर्लंडचा माल इथल्या बंदरात उतरू द्यायचा नाही. सगळे मुद्दाम इथल्या जाड्याभरड्या कापडाचे कोट घालून आले होते. मीही घातला. आत मात्र तू पाठवलेला लिननचा सदरा होता. तो कोट नुसत्या अंगाला फार टोचतो गं.

बंदीत तुमचं आयर्लंडचं लिननही आलं. मी लिननचाच व्यापारी, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. मी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या एलकानानं माझी बाही चिमटीत धरली.

"हे काही इथलं नाही हो, ह्यूशेठ!"

"जुनं आहे," म्हणालो आणि बाही कोटात सारली.

जुनं कसलं? गेल्या उन्हाळ्यात तूच हिरवळीवर पसरून पांढरं केलेलं.

वसंतात तुमचे तागे घेऊन जहाज आलं, तर मलाच ते परत धाडावं लागेल. मग मागाचं काय कराल तुम्ही? रागानं का होईना, पण लिही.

बायको म्हणते, सदरा धुवायला टाका. मी टाकत नाही. विरला तर दुसरा कुठून येणार, ताई? त्याची वाट मीच बंद केलीय.

तुझाच धाकटा,
ह्यू