पिऊनच मारते

आर्णी,
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

चि. अर्पिता,

आशीर्वाद. होस्टेलात पोटभर जेवत जाजो, उपाशी पोराइले कोणी जास्तीचे मार्क देत नाई. इकडं तुरी सोंगून झाल्या. म्हैस आटली. फोन तुह्या बापाच्या खिशात हाये, म्हणून शेजारच्या तनवीरच्या हाती चिठ्ठी पाठवून राह्यली.

दिवाळीत तू मले तुहं गणित सांगत होती. "आजी, आकड्याले त्याच आकड्यानं गुणलं का तो वाढतेच. हे नेहमी खरं का?" दोनाचे चार, दहाचे शंभर. मी म्हटलं, पक्कं खरं. मंग तू माह्या ताटातली अर्धी भाकर घेतली अन् तिचं अर्धं केलं. अर्ध्याचं अर्धं पाव. वाढलं नाई, घटलं. तू म्हणे, एका जागी खोटं निंगालं का 'नेहमी' म्हणाचं नाई. मले तवा ते रिकामपणाचं वाटलं.

आपल्या घरी बी असंच एक पक्कं होतं. तुहा बाप पुंडलिक पिऊनच मारते. मी म्हणो, तुही माय म्हणे, सारा गाव म्हणे.

काल सोमवार. त्याचा उपास, त्या दिवशी तो बाटलीले शिवत नाई. सकाळी साबुदाणा खाता खाता म्हणे, "पोरीले घरी आणतो, पाहुणे पाहाले येऊन राह्यले." तुही माय म्हणे, "तिची परीक्षा तं होऊ द्या." त्यानं तिचे केस धरले अन् तोंड चौकटीवर आपटलं. परत आपटलं. मी धावली. पण आधी त्याचं तोंड हुंगलं. नुसता शेंगदाण्याच्या कुटाचा वास.

मंग कपाशीची पऱ्हाटी उपटाचा लोखंडी चिमटा उचलला अन् त्याच्या कोपरावर घातला. हाड वाजलं. आणखी एक घातला तवा केस सुटले.

"माय, तू मले मारलं?"

"हो. मी बी पेली नाई."

तुह्या मायचा जबडा मोडला. चौकटीखालचे दात मीच झाडले. तिले आज यवतमाळच्या दवाखान्यात हलवून राह्यले. तो तुले फोन करन, पडली म्हणून सांगन. तू दवाखान्यात जाय. सुटी झाली का तिले मामाकडं पांढरकवड्याले ने. इकडं आणू नोको. तूही येऊ नोको.

आणखी एक. त्याचा हात जुळन, तो माह्या पायाशी बसन, अन् मी तुले रडत फोन करन का सुधरला तो, पाठव सुनेले. तवा माहं ऐकू नोको.

तुह्या बापाची माय,
शकुबाई