धावलात तर फाऊल

५ जानेवारी

मैदान मिळालं! शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकेने आधी बरेच आढेवेढे घेतले. "बाई, वयस्क माणसं, कुणी पडलं-झडलं तर?" मी म्हटलं, घरात बसूनही पडतातच की. बाथरूममध्ये पडण्यापेक्षा मातीत पडलेलं काय वाईट? हसली. फाटकाची किल्ली दिली. सकाळी, शाळा भरायच्या आधी.

ह्याच मैदानावर जन्मभर पोरांना पळवलं. आता त्यांच्या आजी-आजोबांना चालवायचं. चालत फुटबॉल! दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची कल्पना. म्हणाल्या, "गोळ्या लिहून लिहून माझा हात दुखायला लागला. कुणाची साखर, कुणाचे गुडघे, कुणाला झोप नाही, कुणाशी बोलायला माणूस नाही. निम्म्या लोकांचं औषध घराबाहेर आहे. तुम्ही त्यांना बाहेर काढा." म्हटलं, सोडा माझ्यावर.

नियम एकच, पण कडक. धावायचं नाही. धावलात की शिट्टी, आणि चेंडू समोरच्यांना.

ह्यांना सांगितलं. "छान," म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

६ जानेवारी

ह्यांच्याबद्दल लिहूनच टाकते. छातीचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. डॉक्टरीणबाई म्हणतात, हृदय ठणठणीत आहे, आता रोज चालायला हवं, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. आणि हे खिडकीजवळची खुर्ची सोडत नाहीत. जेवायला उठतात, आंघोळीला उठतात, की परत तिथेच. विचारलं तर गुडघा दुखतो. एक दिवस उजवा, एक दिवस डावा. आपण कुठला सांगितला होता तेही लक्षात नसतं!

घाबरलेत. मला कळतं. मला कळतं हे त्यांनाही कळतं. बोलत मात्र कुणी नाही.

मी त्यांना त्या खुर्चीतून उठवणार म्हणजे उठवणारच. शाळेत एकेक आडदांड पोर सरळ केलंय, हा तर घरचा माणूस.

११ जानेवारी

पहिला खेळ. दहाएक जण आले. लेकीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, कोऱ्या करकरीत बुटांत सगळ्यांच्या आधी हजर. जन्मभर बस चालवलेले कोपऱ्यावरचे ड्रायव्हरकाकाही आले. चेंडू दिसला की सुटतात ते सुटतातच. पाच मिनिटांत त्यांचं नाव पडलं — ब्रेकफेल.

शिट्टी वाजवून वाजवून माझे गाल दुखले. विहीणबाईंना तीनदा पकडलं.

"मी चालतच होते."

"दोन्ही पाय हवेत होते तुमचे."

"व्याह्यांशी असं वागतात होय?"

"मैदानाबाहेर व्याही. इथे तुम्ही फक्त फाऊल."

सगळे खो खो हसले. त्याही हसल्या, पण पुढच्या वेळी मुद्दाम माझ्या पायावरून गेल्या.

घरी येऊन ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. पेपर खाली गेला. "पण भरभर चालणं आणि धावणं ह्यात फरक ठरवायचा कसा?" मी म्हटलं, एक पाय कायम जमिनीला. "लांबून कसं दिसणार तुला?" म्हणाले.

दिसत नाहीच. पण गळाला लागले.

१४ जानेवारी

आज सरळ सांगितलं — मला एकटीला दोन्ही बाजू दिसत नाहीत, भांडणं होतात, कुंपणाजवळच्या बाकावर बसून पाय बघणारं कुणीतरी हवं. पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "गुडघा..." मी म्हटलं, कुठला? त्यावर हसू आलं त्यांना. चार महिन्यांत पहिल्यांदा.

१६ जानेवारी

आले! घर ते मैदान, एरवी चुटकीसरशी जाते मी. आज दर खांबापाशी थांबलो. वाण्याच्या दुकानापाशी म्हणाले, "धडधडतंय गं." मी म्हटलं, धडधडायलाच पाहिजे, त्याचं कामच ते. ते हसले नाहीत.

खेळ संपल्यावर बाकावर दोघंच होतो. समोर बघत बोलले. "पायरी चढलो की वाटतं, आता शिवण उसवणार. हा ठोका शेवटचा. मग पुढचा पडतो. मग त्याच्यावर लक्ष." घाबरलेत हे कळत असूनही मी इतके दिवस त्याला आळस म्हणत होते, आणि तेही मोठ्याने. नुसता हात धरून बसले. तिकडे ब्रेकफेल आणि विहीणबाई कालच्या गोलवरून अजून भांडत होते.

१७ जानेवारी

आले.

२३ जानेवारी

ह्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. बाकावरून नुसतं बोट वर करतात, मी शिट्टी फुंकते. ब्रेकफेल म्हणतात, "पोलीस परवडले, पण तुमचे हे नकोत." डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. दोघांची साखर उतरली म्हणे, आणि एका आजींनी झोपेची गोळी आपणहून बंद करू का विचारलं. मला फार बरं वाटलं. कॉलर ताठ!

हे मात्र बाकापुढे सरकत नाहीत. "आत या ना, कडेकडेने चाला." मान हलवतात. शिवाय माझ्याबरोबर येतात, माझ्याबरोबर जातात. एकट्याने कोपऱ्यावरून दूध आणा म्हटलं तर पुन्हा गुडघा.

असू दे. हेही जमवेन.

२९ जानेवारी

उजव्या पायाला प्लास्टर. खुर्चीत बसून लिहितेय — ह्यांच्याच.

ब्रेकफेलनी चेंडू असा हाणला की तो उघड्या फाटकाकडे घरंगळत निघाला. पलीकडे रस्ता. मी काही विचारच केला नाही, धावले. हो, मीच! खड्ड्यात पाय मुरगळला आणि कट्कन आवाज आला. डोळ्यांपुढे काजवे. शिट्टी तोंडातच होती, ओरडले तर तीच वाजली.

तोंड वर केलं तर हे येताना दिसले. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाच्या बाकावरून, धावत. चप्पल एक वाटेतच राहिली होती. येऊन मातीत बसले, माझा पाय मांडीवर घेतला आणि धापा टाकत म्हणाले, "हलू नकोस. मी आहे." हात माझ्या पायावर होते. छातीवर नव्हते. मी तेवढंच बघत राहिले.

विहीणबाई रडताही होत्या आणि म्हणतही होत्या, "व्याही, दोन्ही पाय हवेत होते तुमचे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या आधी ह्यांना तपासलं. काहीही झालेलं नाही. ह्यांना ते दोनदा सांगावं लागलं.

१ फेब्रुवारी

पाय ठणकतोय. सगळ्यांना कळवा, पाय बरा होईपर्यंत खेळ बंद, असं ह्यांना सांगितलं. "बरं," म्हणाले.

दिवसभर खिडकी. इथून फक्त वाण्याचं दुकान आणि एक खांब दिसतो. चार महिने हे एवढंच बघत होते?

२ फेब्रुवारी

सकाळी खिळ्यावरची शिट्टी काढून त्यांनी गळ्यात घातली. कुणालाच काही कळवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, एकटे?" म्हणाले, "चालतच जातोय." दार ओढून घेतलं. खांबापाशी थांबले नाहीत, दुकानापुढे गेले, आणि मग दिसेनासे झाले. ह्यांना घराबाहेर काढायचं म्हणून मीच एवढा घाट घातला, आणि आता माझंच काळीज धडधडतंय. उठता येत नाही. खिडकी सताड उघडून कान देऊन बसलेय.

वाजली.