सुमियेमकाकूंच्या बाक्सोबद्दल

आई,

भात झालाय, सोयाबीनचं टेम्पे तळून झाकून ठेवलंय. मी पाक मुजियोनोंच्या घरी गेलेय. गल्लीचे प्रमुख म्हणून त्यांनी सुमियेमकाकूंनाही तिथं बोलावलंय.

काकूंच्या बाक्सोच्या रश्शातल्या गोळ्यांत उंदराचं मटण असतं, हे खोट्या नावाच्या खात्यावरून मीच लिहिलं गं. चार मैत्रिणींना हसू यावं, एवढ्यासाठीच. नऊ दिवस झाले, काकूंची बाक्सो विकायची हातगाडी त्यांच्या दारातच उभी आहे. परवा तू म्हणालीस, "असलं लिहिणाऱ्या मेल्याला आईनं काही शिकवलंय की नाही?" मी मान खाली घालून जेवत राहिले. त्याच आठवड्यात शाळेत ऑनलाइन बदनामीच्या कायद्यावर भाषण करून मी बक्षीस घेतलं होतं.

आता मुद्रांक लावून कबुली लिहून देईन. माफीचा व्हिडिओही करीन, माझ्या नावानं, तोंड न झाकता. तरीही काकूंना पोलिसांत जायचं असेल, तर माझ्यासाठी त्यांच्या पाया पडू नकोस.

आणि तिथं आलीस तर माझ्याशेजारी बसू नकोस, आई. काकूंजवळ बस. त्या एकट्याच आल्या असतील.

वेनिंग