वाक्य विसरलेली नटी

प्रिय विभावरी,

आपण हॅम्बर्गच्या मराठी मंडळात नाटक करणाऱ्या बायका. गौरांग अख्खा प्रवेश विसरला, तर चहाबरोबर हशा होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच नायक. तू गेल्या गणपतीत एक वाक्य विसरलीस, तर प्रत्येक हळदीकुंकवाला तोच विषय! हा अन्याय आहे, आणि मंडळाच्या सभेत टेबलावर हात आपटून मी तसं सांगितलं. आमचा नवरोबा नागेश म्हणतो, म्युनिकपर्यंत ऐकू गेलं असेल. तुझ्यापर्यंत मात्र पोचलं नाही. तू फोनच उचलत नाहीस. म्हणून हे पत्र.

काल पाऊस चुकवायला नागेश आणि मी बंदराजवळच्या एका छोट्या संग्रहालयात शिरलो. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराची चित्रं लावली होती. आयुष्यभर नाटकातलेच प्रसंग रंगवत राहिलेला माणूस. इतकं वाचते मी, पण त्याचं नावही ठाऊक नव्हतं. एका चित्रापाशी नागेश हसून म्हणाला, गेनाऊ, अगदी तस्संच, ही बाई वाक्य विसरलीय बघ. मी भांडायला वळले आणि जागीच थिजले.

रंगमंचाच्या मधोमध नटी उभी आहे. ओठ उघडे, शब्द नाही. तिच्या पायाशी, वाक्यं सुचवणारा प्रॉम्प्टर रंगमंचाच्या कडेच्या खोक्यातून अर्धा बाहेर आलाय. खलनायक उपसलेली तलवार विसरून तिच्याकडे झुकलाय, ओठांनी तिचंच वाक्य पुरवतोय. विंगेत कपडे शिवणारी म्हातारी दातात दोरा धरून थांबलीय. प्रेक्षकांत एकही चेहरा हसत नाही. आणि सगळा उजेड चित्रकाराने तिच्या चेहऱ्यावर ओतलाय! विभा, टाळ्यांचा क्षण त्याला सहज रंगवता आला असता. त्याने हा निवडला.

गेल्या गणपतीत वाक्य अडलं तेव्हा तू खाली बघत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही. तुझ्यासोबत रंगमंचावर असलेला दत्ता, मी, पडदा ओढणारा मयुरेश, आम्ही सगळे श्वास रोखून तुझं वाक्य पुटपुटत होतो.

आता पत्राचं खरं कारण सांगते. आपली दिग्दर्शिका स्वरूपा यंदाची मुख्य भूमिका मला देत होती. मी नाही म्हटलं आणि तुझं नाव सांगितलं. मला भाषण ठोकता येतं. नुसतं उभं राहून सभागृह धरून ठेवणं तुला येतं. स्वरूपा तुझ्यासाठी फक्त रविवारपर्यंत थांबणार आहे, मग नाटकच बदलेल. प्रॉम्प्टिंगला मी आहे. रविवारी तालमीला ये.

तुझीच,
अहिल्या