बोलायला बंदी

९ डिसेंबर
"उधव्याच्या आयाबायांनो! तुमच्या दारात नळ उभा आहे, पाणी मात्र अजून कागदावरच—" इथेच आवाज फाटला. भर सभेत! पुढे नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, घशाला सूज. दहा दिवस एक शब्द नाही, कुजबुजही नाही. २१ला, रविवारी, तलासरीला मोर्चा. बोलणार कोण?

१० डिसेंबर
पाटी घेऊन बसलोय. मुक्ता — आमची लेक, शाळेत इंग्रजी शिकवते — म्हणाली, "बाबा, आता तरी अटेंटिव्ह व्हा." शब्दकोश काढला. लक्ष देणारा, दुसऱ्याला काय हवं-नको ते पाहणारा. हॉटेलांच्या जाहिरातींत असतो की — अटेंटिव्ह स्टाफ! पाटीवर लिहिलं: हुजऱ्यांचा शब्द.
"चांगल्या नर्सलाही म्हणतात," ती म्हणाली. "नवऱ्यालाही. क्वचित."
अलर्ट तर मी आहेच! पण अलर्ट म्हणजे शत्रूची चाहूल घेणं. हे काहीतरी वेगळं आहे.

१३ डिसेंबर
चुळबूळ. भाषण डोक्यात गरगरतंय, बाहेर पडत नाही. उधव्याहून शुक्रीचा फोन. मोर्चाची सगळी जमवाजमव तिचीच. "दादा नाय तर मोर्चा कसा?" बरोबर आहे!

१४ डिसेंबर
जेवताना जयमाला बोलू लागली. आपणहून! लग्नाआधी बायको टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती, एवढंच मला ठाऊक. कॉल जोडला की कान काढायचा, असा नियम. "मी नाही काढायचे," म्हणाली. घोलवडचा एक चिकूवाला दर गुरुवारी मुंबईला फोन लावायचा. पलीकडून कोणी बोलायचंच नाही. पैसे भरून शांतता ऐकायचा! एका गुरुवारी पलीकडून आवाज आला — आणि ही भात आणायला उठली. "उरलेलं उद्या."
मी पाटीवर लिहून ती आपटली — पुढे काय?
"अहो, संसारात पहिल्यांदा विचारताय हे."

१७ डिसेंबर
चिकूवाला अजून फोनवरच. मधे सुपरवायझर आला, त्याची मिशी आली, बंद पडलेला पंखा आला. भाकरी हातात तशीच. भाषणाची आठवण झाली नाही दिवसभर.

१९ डिसेंबर
डॉक्टर म्हणाले, बोला आता. दवाखान्याबाहेर शुक्रीला फोन लावला. "रविवारी तू बोल. मी खाली बसतो."
"दादा, आवाज आला की!"
"नाही आला," म्हणालो.
घरी जयमाला दारातच उभी. "काय म्हणाले?"
पाटीवर लिहिलं — आणखी आठ दिवस बंदी. तू बोल.