पणजोबांचं जहाज सापडत नाही

तीर्थरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या शिरच तेवढं वाकतं, उरलेली सात अंगं प्रत्यक्ष भेटीत.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू उजवा लिहिला होतास आणि फोनवर डावा म्हणालीस, तेव्हा दोन्हींची चौकशी करतो. इकडे सगळं ठीक. लोकांची नजर अधू होत राहते, त्यामुळे माझ्या चष्म्याच्या दुकानाला मरण नाही. थोरले काकाही नव्वदीच्या मानानं ठणठणीत आहेत. मध्यंतरी त्यांनी घरात कोणाशीही बोलणं टाकलं होतं आणि त्याला कारण मी होतो. तुझ्या कानावर उलटसुलट काही जाण्याआधी सगळं नीट सांगावं म्हणून हे पत्र. नीट सांगता येईल का, याबद्दल मात्र मला शंका आहे, कारण मलाच ते अजून नीट कळलेलं नाही.

बंदरावरच्या बागेत पणजोबांच्या नावाचा एक दगड बसवायचा, अशी काकांची फार दिवसांची इच्छा. (पणजोबा म्हणजे तुझे आणि काकांचे आजोबा. या पत्रात मी त्यांना पणजोबाच म्हणणार, नाहीतर माझाच घोळ होतो.) पाथरवटानं ‘सातासमुद्रापलीकडून आलेले’ एवढं कोरून टाकलं आणि खाली जागा सोडून विचारलं, कुठल्या जहाजानं आले? काकांनी त्याला वादळाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. जहाजाच्या तळाला भेग कशी पडली, पाणी कसं घुसलं, आणि पणजोबांनी दातांत कंदील धरून डांबरात बुडवलेल्या चिंध्या त्या भेगेत कशा कोंबल्या. पाथरवटानं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, जहाजाचं नाव काय? तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की आपल्या घरात लाटेची उंची सगळ्यांना ठाऊक आहे (दरवेळी वेगळी), पण जहाजाचं नाव कुणालाच नाही.

बारीक अक्षरं वाचणाऱ्यांच्या नाकावर चष्मे चढवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा हे काम माझंच, असं मी छाती पुढे काढून सांगितलं आणि जुन्या दप्तरखान्यात गेलो. उंच खिडक्या, डिंकाचा वास आणि छतापर्यंत खोकी. तिथल्या दप्तरबाईंच्या गळ्यात दोन चष्मे होते आणि दोन्हींचा नंबर चुकलेला होता, पण मी धंद्याची गोष्ट काढली नाही. त्यांनी उतारूंच्या याद्या समोर ठेवल्या. पणजोबा लगेच सापडले. आजीचं बोट धरून आलेले, वय चार. ते काही जमेना, म्हणून पुढे गेलो, तर दुसऱ्या जहाजावर पुन्हा पणजोबा. वय बरोबर, पण धंदा ‘सुईण’. (मी त्यावरही बराच विचार केला. पणजोबा हुन्नरी होते असं ऐकलं होतं.) शेवटी तिसरे पणजोबा भेटले. नाव तेच, वय तेच, एकटेच निघालेले. मी आनंदानं सगळी ओळ उतरवून घेतली, दप्तरबाईंचे आभार मानले आणि जिना उतरता उतरता समासातला शेरा वाचला. ‘वाटेत तापानं गेला. समुद्रात सोडला.’

घरी येऊन मी हे सौ.ला हळू आवाजात सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवून विचारलं, की मग आपण कोणाचे? मी म्हटलं, तू तुझ्या वडिलांची, प्रश्न माझा आहे. एरवी टीव्हीसुद्धा ऐकू न येणाऱ्या काकांना आतल्या खोलीत हे मात्र शब्दन् शब्द ऐकू गेलं. ते काठी टेकत बाहेर आले आणि त्यांनी मला विचारलं, की वाटेत गेलेला माणूस उतरला कसा? मी म्हटलं, त्याची नोंद दप्तरात नाही. झालं, त्या क्षणापासून त्यांनी बोलणं बंद केलं. जेवायला यायचे, पानाकडे बघायचे आणि उठून जायचे. आत्या, नव्वदीच्या माणसाचे आजोबा हरवले तर त्याची समजूत कशी काढायची, हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी नवा चष्मा देऊ केला. तो त्यांनी घेतला नाही.

मी पुन्हा दप्तरखान्यात. दप्तरबाईंनी एक चष्मा काढून दुसरा चढवला आणि विचारलं, की इथे आल्यावर ते करायचे काय? मी सांगितलं, रंगारी होते. दोराला लटकून जहाजांना बाहेरून रंग द्यायचे. मग उतारूंमध्ये कशाला शोधताय, बंदरावरच्या कामगारांत बघा, असं म्हणून त्यांनी वेगळंच खोकं काढलं. त्यात पणजोबा होते. अगदी आपले, वडिलांच्या नावासकट. पण जन्मस्थळ ‘इथेच, दोरखंडाच्या कारखान्यामागे’. पुढे मुकादमाचा शेरा होता. ‘उंचावर उत्तम, पाण्यावर निरुपयोगी. होडीत बसवल्यास उलट्या.’ मी ते माझ्या चष्म्यातून वाचलं, मग दप्तरबाईंच्या चष्म्यातून वाचलं (काहीच दिसलं नाही), मग बाहेर जाऊन पाणी प्यालो.

म्हणजे पणजोबा कुठून आलेच नव्हते. ते इथेच होते. मग वादळ कोणाचं? दप्तरबाईंना त्या घोळाचं काही विशेष वाटलं नाही. लग्न झालं होतं ना त्यांचं, एवढंच त्या म्हणाल्या. लग्नाच्या नोंदीत नवरी एका जहाजावरून उतरलेली निघाली, जहाजाच्या सुताराची पुतणी. त्या जहाजाच्या कप्तानाची रोजनिशीही मिळाली. वादळ होतं, आत्या. भेग होती. सुतारानं ती बुजवली, आणि पुतणी दोन्ही हातांनी त्याला चिंध्या देत होती, म्हणून कंदील तिनं दातांत धरला होता. दात पणजीचे होते.

हे काकांना सांगायचं कसं, याच विचारात मी घर येऊनही पुढे चालत गेलो आणि परत फिरलो. शेवटी त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसलो आणि जसं सापडलं तसं सांगितलं. उलट्यांचा शेरासुद्धा. मला वाटलं, आता हे उरलंसुरलं जेवणही सोडतील. काकांनी काठी बाजूला ठेवली. मग इतक्या दिवसांनी बोलले.

“आजोबा वादळाची गोष्ट सांगताना मधेच थांबायचे आणि स्वयंपाकघराकडे बघायचे. मला वाटायचं, आठवतायत. आतून आजी एखादा शब्द टाकायची, की गोष्ट पुढे चालू. ते तिला विचारत होते रे, पुढे काय झालं म्हणून.”

मी म्हटलं, म्हणजे ते खोटं बोलत होते.

“खोटं कसलं? तिला चारचौघांत बोलायला जमायचं नाही. यांना जमायचं.”

त्या दिवशी ते पोटभर जेवले. जेवताना सौ.ला म्हणाले, की दगड आजीचा होईल, आजोबा तिच्या खाली. तेव्हा आता सगळं मार्गी लागलं आहे. तू काळजी करू नकोस, गुडघ्यांना शेक दे, आणि जिना चढताना कठडा धर.

तुझा भाचा,
चष्मेवाला

ता. क. : पाथरवट म्हणतो, दगडावरचं ‘आलेले’ आता ‘आलेल्या’ करायचं तर मात्रा बुजवता येत नाही, दगड आहे, पाटी नाही. त्यामुळे दगडच नवा घेतला आहे. तो कोरायला बसला, जहाजाचं नाव आम्ही लगेच सांगितलं, मग त्यानं आजीचं नाव विचारलं. काका माझ्याकडे बघायला लागले, मी काकांकडे. जहाजाच्या यादीत ‘सुतार, सोबत पुतणी एक’ एवढंच आहे. लग्नाच्या नोंदीत ‘वरील सुताराची पुतणी’. काकांना ‘आजी’ सोडून काही आठवत नाही. तू लहानपणी तिच्या कुशीत झोपायचीस. तिचं नाव काय होतं, आत्या? उलटटपाली कळव. खरं तर एवढंच विचारायला पत्र लिहायला बसलो होतो. आणि आठवत नसेल तर तसं सांग, तू आणि काका मिळून नवं ठरवू नका.

ता. क. २ : पाकीट बंद करून पुन्हा उघडलं आहे. सौ.नं पत्र वाचलं आणि म्हणाली, सगळं छान लिहिलंय, फक्त माझं नाव एकदाही आलेलं नाही. मी म्हटलं, आत्याला ठाऊक आहे की. ती म्हणाली, आत्याला आहे, पण पुढे ज्याला हे पत्र सापडेल त्याला? मी पेन उचललं. तेवढ्यात तिनं माझ्या हातातून पेन घेऊन पाकिटावर स्वतःचं नाव लिहून टाकलं, माहेरच्या आडनावासकट, चांगलं ठळक. तेव्हा पोस्टमन ‘हे पत्र यांच्या नावाचं आहे’ असं म्हणाला, तरी घेऊन ठेव.